गव्हर्नरसाहेब, कोच निवडू नका, करार वाचा

माननीय गव्हर्नर जेफ लँड्री यांस,

स.न.वि.वि.

पत्र मराठीत लिहितोय, तेव्हा ते तुमच्या टेबलापर्यंत पोचेल या भ्रमात मी नाही. पण लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत, म्हणजे एलएसयूत, शिकलेले आणि तुमच्या राज्यात कर भरणारे मराठी लोकही आहेत. एलएसयूच्या अमेरिकन फुटबॉल संघाला नवा मुख्य कोच कोण मिळणार, यावर त्यांच्याही घरात वाद झाले. शिवाय पुढाऱ्याने खेळाच्या कारभारात हात घातला की काय होतं, हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे क्रिकेट संघटनांची अध्यक्षपदं पुढाऱ्यांनी वर्षानुवर्षं भूषवली आहेत. तुम्ही यात पडलात याचं म्हणूनच मला नवल वाटलं नाही. पडायला हवं होतं तिथे पडला नाहीत, तक्रार ती आहे.

25 ऑक्टोबर 2025 ची रात्र तुमच्या लक्षात असेलच. टायगर स्टेडियममध्ये लाखभर माणूस मावतो. सामन्याच्या दिवशी सकाळपासून विद्यापीठाच्या आवारात ओक वृक्षांखाली तंबू पडतात, गॅसच्या शेगडीवर बिडाची भलीमोठी कढई चढते आणि कुणीतरी वल्ह्याएवढ्या पळीने जांबालाया, म्हणजे तिथला मसालेभात, ढवळत असतो. अनोळखी माणसाच्याही हातात भाताने भरलेली कागदी थाळी येते. मध्यंतराला एलएसयू टेक्सस ए अँड एम या विद्यापीठाच्या संघाविरुद्ध 18-14 अशी पुढे होती. त्यानंतर पाहुण्यांनी सलग 35 गुण केले. सामना 49-25 असा संपला तेव्हा स्टँड ओस पडले होते. दुसऱ्याच दिवशी एलएसयूचे मुख्य कोच ब्रायन केली यांची गच्छंती झाली.

खरा खेळ त्यानंतर सुरू झाला. केली 2021 च्या अखेरीस नोट्र डेम विद्यापीठ सोडून आले, तेव्हा त्यांना 10 वर्षांचा, सुमारे साडेनऊ कोटी डॉलरचा करार मिळाला होता. मुदतीआधी, गैरवर्तनाचं कारण नसताना काढलं, तर उरलेल्या रकमेच्या 90 टक्के द्यायचे असं त्यात होतं. याला इथे बायआउट म्हणतात. हिशेब निघाला सुमारे 5 कोटी 40 लाख डॉलर. रुपयांत मांडला तर पावणेपाचशे कोटींच्या आसपास, आणि तेही काम न करण्याचे. 48 सामन्यांपैकी 34 जिंकलेल्या माणसाला घरी बसवायची ही किंमत. त्यांच्याआधीचे एड ऑर्जेरॉन यांनी 2019 मध्ये 15-0, म्हणजे 15 विजय आणि एकही पराभव नाही, असा हंगाम काढून राष्ट्रीय विजेतेपद आणलं होतं. दोनच वर्षांनी त्यांनाही सुमारे 1 कोटी 70 लाख डॉलर देऊन निरोप दिला गेला होता.

29 ऑक्टोबरला तुम्ही पत्रकारांसमोर आलात ते गरिबांच्या अन्नसाहाय्याबद्दल बोलायला. केंद्र सरकारचं कामकाज ठप्प झालेलं, घराघरांत महिन्याच्या किराण्याची चिंता. आणि गाजलं काय, तर एलएसयूचे ऍथलेटिक डायरेक्टर, म्हणजे क्रीडाविभागाचे प्रमुख, स्कॉट वुडवर्ड नवा कोच निवडणार नाहीत, त्यांच्याऐवजी मी डोनाल्ड ट्रम्प यांना निवडू देईन, हे तुमचं वाक्य. वुडवर्ड यांनी पूर्वी टेक्सस ए अँड एमलाही असंच खड्ड्यात घातलं, असं तुम्ही म्हणालात. दुसऱ्या दिवशी वुडवर्ड गेले.

इथे एक बारकावा सुटला. टेक्सस ए अँड एमचे कोच जिंबो फिशर यांचा 2017 चा 10 वर्षांचा, साडेसात कोटी डॉलरचा करार वुडवर्ड तिथे असतानाचा, हे खरं. पण वुडवर्ड 2019 मध्ये एलएसयूत आले. फिशर यांना मुदतवाढ आणि पगारवाढ मिळाली 2021 मध्ये, वुडवर्ड गेल्यानंतर. 2023 मध्ये ज्या साडेसात कोटींहून मोठ्या बायआउटची देशभर चर्चा झाली, तो आकडा तिथवर पोचला तो या वाढीमुळे. म्हणजे वुडवर्ड असोत नसोत, विद्यापीठं असलेच करार करत राहतात. दुसरं विद्यापीठ आपला माणूस पळवेल या धास्तीने करतात. समोर एजंट बसलेला असतो आणि त्याच्याकडे एकाच वेळी डझनभर कोच असतात. जिमी सेक्स्टन हे फिशर यांचे एजंट. एलएसयूच्या नव्या कोचचेही तेच. तुम्ही माणूस बदललात, टेबलाच्या पलीकडची बाजू तीच राहिली.

केलींच्या प्रकरणाचा पुढचा अध्याय तर लाजिरवाणा होता. त्यांना काढल्याचं सगळ्या देशाला कळलं होतं, पण त्यांना अजून रीतसर काढलेलंच नाही अशी भूमिका विद्यापीठाच्या बाजूने घेतली गेल्याचं सांगत त्यांनी 10 नोव्हेंबरला कोर्ट गाठलं. नोव्हेंबर संपता संपता विद्यापीठाने निमूटपणे मान्य केलं की कारण न देता काढलंय आणि कराराप्रमाणे पैसे लागू आहेत. ज्या राज्याचा गव्हर्नर पूर्वी ऍटर्नी जनरल होता, तिथे एवढ्या मोठ्या माणसाला काढायचा अधिकार कुणाचा हेच आधी स्पष्ट नसावं? वुडवर्ड गेलेले, विद्यापीठाचे अध्यक्ष वेड रूस नोव्हेंबरच्या सुरुवातीला नेमले गेलेले. घरात कर्ता कोण हे कुणालाच माहीत नाही, आणि बाहेर मात्र कोचच्या नावांचा बाजार भरलेला.

बिचारे फ्रँक विल्सन हंगामी कोच म्हणून उरलेले सामने खेळवत होते. 7-5 वर नियमित हंगाम संपला. त्यांच्याबद्दल कुणी चार ओळी धड लिहिल्या नाहीत.

30 नोव्हेंबरला लेन किफिन यांचं नाव जाहीर झालं. त्यांचा संघ ओल मिस, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठ, 11-1 वर होता, प्लेऑफ, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदासाठीची बाद फेरी, तोंडावर होता आणि कोच शेजारच्या राज्यात निघून आले. ते चांगले कोच आहेत, यात वाद नाही. करार बघा मात्र: 7 वर्षं, वर्षाला सुमारे 1 कोटी 30 लाख डॉलर, एकूण 9 कोटींच्या वर. काढलं तर उरलेल्याचे 80 टक्के. केलींचे 90 होते, यांचे 80. महिनाभर आरडाओरडा करून मिळालेली सूट ती एवढी. वर, ओल मिस प्लेऑफमध्ये पुढे गेली तर किफिन यांना तिथे जो बोनस मिळाला असता, तोही एलएसयूच देणार. प्रतिस्पर्ध्याच्या विजयाचं बक्षीस आपल्या खिशातून. ऑक्टोबरमधला तुमचा त्वेष या कलमावर मला कुठे दिसला नाही.

हा पैसा सरकारी नाही, क्रीडाविभाग तिकिटं, टीव्हीचे हक्क आणि देणगीदार यांच्यावर चालतो, असं यावर नेहमी सांगितलं जातं. तुम्ही मात्र करदात्यांच्या डोक्यावर बोजा येतो म्हणालात. माझ्या मते दोन्ही अर्धवट आहे. देणगीदाराचा खिसा एकच असतो. त्यातून घरी बसलेल्या कोचला दरमहा हप्ता गेला, तर गळक्या ग्रंथालयाकडे वळायला काय उरतं? आणि जुलै 2025 पासून विद्यापीठांना खेळाडूंनाही थेट पैसे देता येतात. एका विद्यापीठाला वर्षाला 2 कोटी डॉलरहून थोडी जास्त अशी त्याची मर्यादा आहे. जे डोकं फोडून घेतात त्या शंभराहून अधिक पोरांसाठी नि बाकी खेळांसाठी मिळून वर्षाला एवढं, आणि न शिकवणाऱ्या एका माणसाला हप्त्याहप्त्याने त्याच्या अडीचपट. हा हिशेब कुठल्याही देणगीदाराला पटवून दाखवा.

तुम्हाला या संघाचं प्रेम आहे, हे मी नाकारत नाही. 2024 मध्ये अलाबामाविरुद्धच्या सामन्याला तुमच्याच आग्रहाने फ्लोरिडाहून पिंजऱ्यात जिवंत वाघ, म्हणजे संघाचं चिन्ह, आणला गेला होता. सामना एलएसयूने 42-13 असा गमावला, वाघ परत गेला. चाहत्याने असे हट्ट करावेत, त्यात गंमत असते. गव्हर्नरच्या हातात मात्र वाघापेक्षा बरंच काही असतं.

एलएसयूच्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सवरचे बहुतेक सदस्य तुम्हीच नेमता. कोच कोण असावा हे त्यांनाही सांगू नका. त्यांच्याकडून एवढंच करून घ्या, की कोचच्या कराराचा पूर्ण मसुदा मंजुरीच्या निदान आठवडाभर आधी लोकांसमोर येईल, बायआउटची सर्वांत मोठी शक्य रक्कम पहिल्याच पानावर डॉलरमध्ये लिहिलेली असेल आणि ती कुठल्या खात्यातून जाणार हेही तिथेच असेल. काढलेल्या कोचने दुसरी नोकरी शोधायची आणि तिथला पगार विद्यापीठाच्या देण्यातून वजा व्हायचा, ही अट केलींच्या करारात होती. या एका कलमापुरते वुडवर्ड तुमच्या म्हणण्यापेक्षा शहाणे निघाले. ते कलम यापुढे कुणालाही सोडून देता येणार नाही, असा नियम करा. उद्या एखादा एजंट म्हणेलच, की असं असेल तर माझा माणूस येत नाही. तेव्हा बोर्डाच्या पाठीशी उभं राहणं हे गव्हर्नरचं काम आहे, आणि त्या दिवशी पत्रकार परिषद घेतलीत तर मीही ऐकेन.

कळावे,

बॅटन रूजमधला एक मराठी करदाता