बाळ्या, अजिनोमोटोची पैज मी जिंकली

कोल्हापूर,
रविवार, रात्री

प्रिय बाळ्या,

दिवाळीपासून पत्र नाही म्हणून शिव्या घातल्या असशील, त्या पोचल्या. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू, सुनंदाचे गुडघे होते तसेच. आता मुद्द्याचं. फोनवर हे बोलता येत नाही. आपल्या घराच्या भिंती तुला माहीत आहेत.

राजारामपुरीत जपानी चिकनचं हॉटेल निघालंय. हसू नकोस. गेल्या गुरुवारी दुपारी आमचा ओंक्या मला तिथं जेवायला घेऊन गेला, स्वतःच्या खिशातनं. आत पाऊल टाकलं तशी चार-पाच पोरं एकदम जपानीत ओरडली. मी मागं वळून बघितलं, म्हटलं कोण पुढारी आला काय! गिऱ्हाईक आलं की असं ओरडायची तिकडची पद्धत आहे म्हणे. सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा पोरगा गडहिंग्लजचा निघाला.

पहिल्यांदा कराआगे आलं. तंगडीचं बिनहाडाचं मांस, सोया सॉस, आलं, लसणात मुरवलेलं, बटाट्याच्या स्टार्चमध्ये घोळवून दोनदा तळलेलं. त्या दुसऱ्या तळणीत सगळी गंमत आहे. दात लागला की वरचं कर्र वाजतं आणि आतला रस मनगटापर्यंत येतो. ना चटणी, ना रंग. शेजारी लिंबाची फोड आणि मेयोनीज. खोटं कशाला सांगू, भारी होतं. मी कांदा मागितला तर ओंक्यानं टेबलाखालून पाय मारला. मग कोळशावर भाजलेल्या काड्या आल्या, याकितोरी. एकीवर मांस आणि पातीचा कांदा आलटून पालटून, एकीवर खिम्याचे गोळे, आणि एकीवर नुसती कातडी! पप्या जी कातडी सोलून बादलीत टाकायचा, तिला गोडसर सॉस चोपडून, कुरकुरीत भाजून हे लोक पैसे घेतात. पप्या भेटला तर सांग त्याला, जन्मभर फुकट घालवलीस म्हणावं. मिसोचं सूप तेवढं मी ओंक्याकडं सरकवलं. आंबवलेलं सोयाबीन. त्याला आवडलं, निदान तसं दाखवलं.

पण त्या सगळ्याच्या मागं एक चव होती, जिभेवर रेंगाळणारी, आणि मला थेट रंकाळ्यावरची आपली चायनीजची गाडी आठवली. ओंक्यानं मोबाइलवर काढून दाखवलं, ते जिन्नस टोकियोच्या विद्यापीठातल्या इकेदा नावाच्या प्रोफेसरनं 1908 साली शोधलं, समुद्रातल्या कोम्बू शेवाळाच्या रश्शातनं. पुढच्या वर्षी अजिनोमोटो म्हणून बाजारात. जपानचं, बाळ्या, जपानचं! आणि तू भर गिऱ्हाइकात मला काय म्हणाला होतास? ‘चायनीजमध्ये घालतात म्हणजे चीनचंच, शेंबडं पोर सांगेल.’ पैज लागली होती, विसरला असशील तर सुऱ्या साक्षीला आहे. शिवाय जे चिमटीनं घालायचं ते तू चमच्यानं घालायचास. गाडी बुडाली ती त्यानं, आणि तालमीच्या पोरांना तू दिलेल्या उधारीनं. माझ्या शेजवान चटणीचं नाव काढायचं नाही.

तर ओंक्याला फौंड्रीची नोकरी सोडायचीय. हॉटेलचा मालक त्याच्या मित्राचा चुलतभाऊ. सांगलीला दुसरी शाखा काढतोय, त्यात भागीदारी. बारा लाख. म्हणजे माझा फंड, दुसरं काय!

लॅपटॉपवर सगळा हिशेब मांडून आणला होता. महिन्याचे तीस दिवस धरलेले. मी म्हटलं, अरे, आपल्या भागात बुधवार, शुक्रवार, रविवार सोडले तर खातंय कोण? गुरुवारी दुपारी आम्ही धरून तीन टेबलं भरलेली, ती मी मोजली. सोमवार, शनिवार गेला, एकादशी-चतुर्थी गेली, नवरात्र गेलं, मार्गशीर्षातले गुरुवार गेले. श्रावणात काय करणार? म्हणाला, ‘व्हेज मेनू ठेवू.’ चिकनच्या हॉटेलात! आणि ज्या मुलखात पाहुणा आला की मटण, चिकन म्हणजे मटण संपलं म्हणून, तिथं बिनतिखटाच्या कोंबडीला दुसऱ्यांदा कोण येणार? एकदा नवलाईनं येतील, फोटो काढतील. तो म्हणतो, नवी पोरं वारबिर बघत नाहीत. असेलही.

सरळ नाही म्हणून टाकणार होतो आणि आण्णा आठवले. तू होतास तिथं. 1996 साली, गोठ्यात, म्हशीचे पैसे त्यांनी धोतराच्या सोग्यातनं सोडून माझ्या हातावर ठेवले होते. धंदा येतो का, श्रावणात काय करणार, एक प्रश्न नाही. गाडी विकली तेव्हाही नाही. घरचं दूध पिणारा माणूस रोज संध्याकाळी किटली घेऊन गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर जायला लागला, एवढंच. सुनंदाला ती म्हैस ताईच्या लग्नात गेली असंच माहीत आहे, आणि ओंक्याला म्हैस होती हेच माहीत नाही.

आण्णांनी विचारलं नाही ते माया म्हणून की माझ्याशी बोलायचं कसं ते कळेना म्हणून? इतकी वर्षं झाली, मला सांगता येत नाही. आणि मी एवढं विचारतोय तर ओंक्या म्हणतो, बाबा, तुमचा विश्वासच नाही. बारा लाख गेले तर सुनंदाच्या गुडघ्यांचं ऑपरेशन कशातनं करू? आणि नाही दिले तर हा पोरगा फौंड्रीच्या गेटवर रोज तोंड पाडून उभा राहणार, तेही बघवणार नाही. अर्धे द्यावेत असंही वाटतं. अर्ध्याला भागीदार घेतील का, कुणास ठाऊक.

तू त्याच्याशी बोल. मी बोललो की भांडण होतं, तुझं ऐकतो. गाडीचं सगळं सांग, उधारीसकट. म्हशीचं मात्र सांगू नकोस.

प्रियाचं लग्न ठरलं हे सुऱ्याकडनं कळलं, तुझ्याकडनं नाही, ते लक्षात ठेवलंय. तारीख कळव. नाशिकचं घर विकू नकोस, वहिनींचं ऐक.

ओंक्याला उद्यापरवाच फोन कर. बुधवारी तो हॉटेलवाला आमच्याकडं जेवायला येतोय. सुनंदाला वाटतंय, पोराचा नुसता मित्र आहे. तिनं त्याच्यासाठी दीड किलो मटण सांगून ठेवलंय.

तुझा,
सद्या