सहावं नाव

॥ श्री ॥
ता. खटाव, जि. सातारा
रविवार, दि. 9 नोव्हेंबर 2025

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

भाऊबीजेला आलीस तेव्हा दोन रात्री ते पेपरबुक, म्हणजे अपिलाच्या कागदांचं बाड, घेऊन माजघरात बसली होतीस. तुझ्या आईला ते आवडलं नाही. सणाच्या घरात खुनाचं बाड कशाला, असं ती दोनदा म्हणाली. मी आपला डोळे मिटून पडलो होतो, पण जागा होतो. निघताना गाडीच्या खिडकीतून तू म्हणालीस, "अण्णा, अपील सोपं आहे. सगळे साक्षीदार एकाच भावकीतले, वैर दहा वर्षांचं. असले साक्षीदार टिकतच नाहीत." मी नुसती मान हलवली. त्या मान हलवण्याचंच हे पत्र आहे. फोनवर मला हे बोलता येणार नाही.

तुझे थोरले आजोबा, म्हणजे माझे थोरले चुलते, शेतात मारले गेले एवढं तुला माहीत आहे. कुणी मारले, कशावरून, हे घरात कधी बोललं गेलं नाही. सामाईक विहीर होती. त्यात आमचे सहा आणे, पलीकडच्या घराचे दहा आणे. बहात्तरच्या दुष्काळात ती आटली तेव्हा दोन्ही घरांनी मिळून गाळ काढला होता, आणि पाणी लागल्यावर पाळीवरून बिनसलं. मग सोसायटीची निवडणूक आली, मग सरपंचाची, आणि विहिरीचं भांडण गावाचं झालं. कोण कुणाच्या लग्नाला जातो, कोण कुणाच्या गिरणीवर दळतो, यावरून माणूस कुठल्या गटातला ते कळायचं. 1983 सालच्या नोव्हेंबरात, कांद्याला पाणी देताना, दिवेलागणीला चुलत्यांवर कुऱ्हाड पडली. मी मोटरीच्या खोपीपाशी होतो. वय चोवीस, शाळेत लागून दोन वर्षं झालेली. पाच जण होते. मी पाचही ओळखले. अंधार पडला नव्हता, आणि ती माणसं जन्मापासून बघितलेली.

इथपर्यंत सगळं खरं आहे.

खून दिवेलागणीला झाला आणि फिर्याद नोंदली गेली पहाटे चारच्या सुमारास. ठाणं दहा-अकरा मैलांवर, बैलगाडीनं गेलो असतो तरी इतका वेळ लागला नसता. मधले तास आम्ही दारातल्या लिंबाखाली होतो. प्रेत शेतात, बायका आत रडत होत्या, आणि बाहेर पुरुषमंडळी नावं ठरवत होती. तालुक्याच्या कोर्टात ऊठबस असलेले एक पाहुणे होते. ते म्हणाले, "पाचच लिहिलेत आणि त्यातला एक सुटला, तर चौघांत कलम 149 बसत नाही. सहा लिहा." तुला कायदा मी सांगायला नको. बेकायदा जमावाला पाच माणसं लागतात, आणि जमाव ठरला की एकाचा गुन्हा सगळ्यांच्या माथी येतो. तेव्हा ते 141 आणि 149 होतं, आता नव्या संहितेत 189 आणि 190 झालं म्हणे. ते त्या पाहुण्यांना पाठ होतं. त्या रात्री मला कळलं की कायदा अर्धवट माहीत असलेला माणूस गावाला किती महाग पडतो.

सहावा कोण? त्यावर फार वेळ गेला नाही. आदल्या वर्षी आमचा बैल ज्यांनी कोंडवाड्यात घातला होता, आणि सोसायटीच्या निवडणुकीत जे आमच्या विरोधात उभे होते, त्यांचं नाव कुणीतरी घेतलं. शिकलेला मी एकटाच, म्हणून यादी माझ्या हातानं झाली. आणि ताई, संध्याकाळी शेतावर जाताना मी त्यांना गिरणीच्या ओट्यावर बघितलं होतं. सायकलीला दळणाची पिशवी अडकवलेली होती. मला ते पक्कं आठवत होतं. तरी लिहिलं. त्यांच्या हातात काठी दिली आणि ती चुलत्यांच्या गुडघ्यावर मारायला लावली. कुऱ्हाड द्यायला माझाही हात धजला नसावा.

साताऱ्याला सेशन चालली. आम्ही चार साक्षीदार, चारही घरचे. उलटतपासणीत आरोपींच्या वकिलांनी पाच जणांबद्दल आम्हाला उभंआडवं विचारलं, आम्ही हललो नाही, कारण हलण्यासारखं काही नव्हतं. सहाव्याबद्दल विचारलं तेव्हाही हललो नाही. ते पाठ केलेलं होतं. गिरणीवाल्याला ते साक्षीला आणणार होते, पण तो आलाच नाही. आमच्या गटातली दोन माणसं त्याच्याकडे जाऊन बसली होती. सहाही जणांना जन्मठेप झाली. गावात आम्ही पेढे वाटले नाहीत, एवढंच काय ते.

तू परवा ज्या मसालती खटल्याचं नाव घेतलंस, तो तुझ्या भावानं मला मोबाईलवर काढून दिला. दोन दिवस लागले वाचायला. उत्तर प्रदेशातलं उन्नाव जिल्ह्यातलं गाव, 1961 चा नोव्हेंबर, गावकीच्या वैरातून एका दिवसात पाच खून. दहा जणांना फाशीची शिक्षा. सर्वोच्च न्यायालयात 1964 साली निकाल दिला तो आपल्या साताऱ्यात जन्मलेल्या गजेंद्रगडकरांनी. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या मी वहीत उतरून घेतल्या. एक, साक्षीदार गटाचा आहे एवढ्यावरून त्याला फेकून देऊ नका, नाहीतर न्यायच होणार नाही. दुसरी, आरोपींची गर्दी असेल तिथं एखाद्याचं नाव दोन, तीन किंवा जास्त साक्षीदारांनी सुसंगत घेतलं असेल तरच त्याला धरण्याची कसोटी वापरतात, ती यांत्रिक वाटली तरी गैर नाही. अलाहाबादच्या न्यायालयानं चार साक्षीदारांचा दंडक धरला होता. शेवटी फाशी झालेल्यांतल्या तिघांची, वयानं लहान म्हणून, जन्मठेप केली.

वाचून मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो. चार साक्षीदारांची चाळण. आम्ही चारच होतो! आमचं खोटं त्या चाळणीतून अलगद खाली उतरलं असतं, आणि साताऱ्याच्या कोर्टात उतरलंच. जिथं लिंबाखाली आधी तालीम झालेली असते तिथं डोकी मोजून काय हाती लागणार?

दुसरा एक निकाल शोधताना सापडला, 1953 चा, दलीपसिंग विरुद्ध पंजाब सरकार. तो व्हिव्हियन बोस यांचा, म्हणजे नागपूरच्या न्यायालयातून वर गेलेले. ते म्हणतात त्याचा भाव असा, की जवळचा नातेवाईक खऱ्या मारेकऱ्याला सोडून भलत्याला अडकवील हे सहसा होत नाही. मात्र डोकी तापलेली असली की खऱ्या गुन्हेगारांच्या बरोबरीनं, ज्याच्यावर राग आहे असा एखादा निरपराधही ओढला जातो. तसा आरोप करायचा तर त्याला आधार दाखवा, नुसतं नातं हा आधार नव्हे. मी शाळामास्तर, मला वकिली कळत नाही. पण त्या वाक्यातल्या 'बरोबरीनं' या शब्दापाशी मी अडकलो. हा माणूस आमच्या लिंबाखाली बसला होता की काय, असं वाटलं.

आमचं अपील मुंबईला पाच वर्षं पडून राहिलं. तेव्हा कोल्हापूरला बेंच नव्हतं. आता ऑगस्टपासून तुम्हाला सीपीआर दवाखान्यासमोर हायकोर्ट आहे, सकाळी जाऊन संध्याकाळी माणूस घरी. तेव्हा आरोपींच्या घरचे रातराणीनं मुंबईला जायचे, तारीख पडायची आणि दुसऱ्या रातराणीनं परत यायचे. जामीन कुणालाच नव्हता. 1990 च्या पावसाळ्यात निकाल लागला. पाच जणांची जन्मठेप कायम, सहावे निर्दोष. कशावर सुटले सांगू? शवविच्छेदनाच्या कागदावर. डोक्यावर दोन जखमा, खांद्यावर एक, हातावर एक. कमरेखाली ओरखडासुद्धा नाही. न्यायमूर्तींनी लिहिलं होतं की चार साक्षीदार गुडघ्यावरच्या काठीचं अगदी एकाच शब्दांत सांगतात आणि गुडघ्यावर काही नाही. संशयाचा फायदा. तो संशय नव्हता, हे कोर्टाबाहेर फक्त आम्हाला माहीत होतं.

सहा वर्षं आणि आठ महिने ते आत होते. त्या काळात त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात होता. दुसरीपासून चौथीपर्यंत. दाखल्याच्या वेळी 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'शेती' लिहिलं, आणि त्यानं वाचून विचारलं, "गुरुजी, आबा शेतात नाहीत ना?" पोरगं हुशार होतं. हिशेबात कधी चुकलं नाही. स्कॉलरशिपला बसवायचं म्हणून मी त्याला घरी बोलावलं, तर त्याच्या आईनं पाठवलं नाही.

तू कोणाबद्दल वाचते आहेस हे तुला आता कळलं असेल. लहानपणी ज्यांच्या बांधावरची बोरं ओच्यात भरून आणायचीस, तेच. तुला त्यांनी कधी हाकललं नाही. मी मात्र ती बोरं कधी तोंडात घातली नाहीत, आणि तू म्हणायचीस, अण्णांना बोरं आवडत नाहीत.

सुटून आल्यावर त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. महिन्याभरानं स्टँडवर भेटले तेव्हा म्हणाले, "गुरुजी, वडूजची गेली का?" मी म्हणालो, "अजून नाही." पस्तीस वर्षांत आमचं बोलणं एवढ्याच धर्तीचं झालं. मी शपथेवर खोटं बोललो, आणि तेही फाशी होऊ शकेल अशा गुन्ह्यात. त्याला जुन्या कायद्यात 194 कलम होतं, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. वकील झाल्यावर तू एकदा पुस्तकं टेबलावर ठेवून गेलीस तेव्हा मी ते शोधून वाचलं होतं.

तुझं काम तुझ्या अशिलाचं, त्यात मी पडत नाही. पण 'सगळे भावकीतले म्हणून सगळेच खोटे' असं उभं राहून म्हणू नकोस, एवढं मला वाटतं. चुलते खरंच मेले होते. पाच जण खरेच होते. आमच्या वेळी वकिलांनी तसलाच सरधोपट पवित्रा घेतला, सहाही जणांना एकाच दोरीत बांधून सोडवायला गेले, आणि सेशनला सहाही अडकले. तुझ्या बाडात नऊ आरोपी आहेत असं तू म्हणालीस. प्रत्येकाचं पान वेगळं काढ. खून किती वाजता, फिर्याद किती वाजता, ठाणं किती लांब, ते आधी मांड. कुणाचा जबाब त्याच रात्री झाला, कुणाचा चार दिवसांनी, ते बघ. आणि ज्या माणसाच्या हातात हत्यार लहान दिलंय, मार पायावर किंवा पाठीवर दाखवलाय, आणि सगळे साक्षीदार तो एकाच शब्दात सांगतात, तिथं डॉक्टरांचा कागद उघड. खरं बघणारे चौघं कधी एकसारखं सांगत नाहीत. पाच जणांबद्दल आमचंही थोडं इकडंतिकडं झालं होतं, कुणी पहिला घाव डाव्या बाजूनं म्हणाला, कुणी उजव्या. सहाव्याबद्दल तेवढी आमची एकवाक्यता होती.

आईला यातलं काही माहीत नाही. लग्न निकालानंतरचं, तोवर सगळं मिटवल्यासारखं झालं होतं. तू तिला सांगू नकोस, सांगायचं तर मी सांगेन. शेंगदाण्याची चटणी आणि भाजलेली भाकरी वेगळ्या डब्यात पाठवली आहे, मागचे दोन डबे अजून आले नाहीत असं तिनं लिहायला सांगितलं आहे. रात्री उशिरापर्यंत त्या ऑफिसात बसत जाऊ नकोस.

हे पाकीट टाकायला उद्या वडूजला जाईन. त्यांचं घर स्टँडच्या वाटेवरच आहे, आणि हल्ली ते दिवसभर ओसरीतच बसलेले असतात.

तुझे
अण्णा