सोयाबीनची पाने किती गेली, यापेक्षा केव्हा गेली हे पाहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खरिपात आपल्या दैनिकात येणारा पीक सल्ला सांगली-साताऱ्याकडील सोयाबीन उत्पादक नेमाने वाचतात. ‘पाने खाणाऱ्या अळ्या दिसताच फवारणी करावी’ हे त्यातील वाक्य मात्र अपुरे वाटते, कारण पीक कोणत्या अवस्थेत आहे याचा त्यात उल्लेख नसतो.

फुलोऱ्यापूर्वी सुमारे ३० टक्के पाने खाल्ली गेली तरी सोयाबीन सहसा सावरते. या काळात नवी पाने फुटत असतात आणि वरच्या पानांची चाळण झाली की सावलीतल्या खालच्या पानांनाही ऊन मिळते. आपल्याकडे फुले येण्यापूर्वी हरभऱ्याचे शेंडे भाजीसाठी खुडतात आणि त्याने फांद्या वाढतात. घाटे धरल्यावर कोणी खुडत नाही, त्यामागेही हेच कारण आहे. फुलोऱ्यापासून दाणे भरेपर्यंत मात्र १५ ते २० टक्के पाने गेली तरी उपाय करावा लागतो. नवी पाने येणे जवळजवळ थांबलेले असते आणि दाण्यांना, तसेच नत्र पुरवणाऱ्या मुळांवरील गाठींना, लागणारे अन्न उरलेल्या पानांनीच तयार करायचे असते. शेंगा धरताना पाने गेल्यास कोवळ्या शेंगा गळतात, दाणे भरताना गेल्यास दाणा बारीक राहतो. दाणे पूर्ण भरून पाने पिवळी पडू लागल्यानंतर औषध मारणे म्हणजे पैसे मातीत घालणे होय.

बांधावरून पाहून टक्केवारी ठरवणे फसवे असते, कारण खाल्लेली पाने शेंड्याकडे असल्याने नुकसान आहे त्यापेक्षा जास्त भासते. शेतात निरनिराळ्या ठिकाणची झाडे घेऊन त्यांची वरची, मधली आणि खालची पाने पाहिली, तरच खरा अंदाज येतो. औषध दुकानात हे कोणी सांगेल अशी अपेक्षा नाही. अवेळी फवारणीने अळ्या खाणारे मित्रकीटक मरतात, हे नुकसान तर कोणी मोजतही नाही.

तांबेऱ्याला मात्र हा टक्केवारीचा हिशेब लावू नये. कृष्णा-वारणेच्या दमट पट्ट्यात हा रोग बहुधा फुलोऱ्यानंतर, म्हणजे पाने सर्वांत मोलाची असताना बळावतो. खालच्या पानांच्या मागील बाजूस तांबूस पुटकुळ्या येतात आणि पाने गळू लागेपर्यंत थांबल्यास उपायाची वेळ निघून जाते. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राने विकसित केलेला फुले संगम (केडीएस ७२६) हा वाण या रोगाला बऱ्यापैकी तोंड देतो, तरी त्या पिकाचीही खालची पाने उलटून पाहिलीच पाहिजेत.

म्हणून विनंती अशी, की यापुढे सल्ला छापताना पिकाची अवस्था, त्या अवस्थेतील पानांच्या नुकसानीची मर्यादा आणि एक मीटर ओळीतील अळ्यांची संख्या या गोष्टी एकत्र द्याव्यात आणि तांबेऱ्याची सूचना त्यापासून वेगळ्या चौकटीत छापावी.

आपला,
एक सोयाबीन उत्पादक, ता. वाळवा, जि. सांगली