पेरूची जेली बिघडते ती झाडावरच

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पेरूच्या जेलीची कृती वाचली. पिकलेले पेरू मिक्सरमधून काढायचे, गाळायचे, साखर घालून उकळी आणायची, मग जिलेटिन आणि खाण्याच्या लाल रंगाचे दोन थेंब. पदार्थ थरथरेल हे खरे, पण ती पेरूची जेली नव्हे. जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून निघते, हे शाकाहारी घरांना सांगायला हवे होते. शिवाय जिलेटिनची जेली फ्रिजबाहेर राहत नाही. उन्हाळ्यात नागपूर-अकोल्याकडे ती ताटलीतच वितळेल. पेरूला असल्या टेकूची गरजच नाही. फळ घट्ट करणारे पेक्टिन त्यात भरपूर असते, कमी पडतो तो आंबटपणा. म्हणून लिंबू आणि बेताची साखर एवढ्यावर ती आपोआप बसते. न बसण्याचे कारण बहुतेक वेळा पातेल्यात नसून सहा महिने आधी झाडापाशी घडलेले असते, म्हणून सुरुवात तिथूनच करावी लागेल.

पेरूला वर्षातून तीनदा फूल येते. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबे बहार, त्याची फळे पावसाळ्यात. जून-जुलैचा मृग बहार, फळे नोव्हेंबर ते जानेवारी. ऑक्टोबरचा हस्त बहार, फळे फेब्रुवारीनंतर. पावसाळी फळ मोठे दिसते पण पाणचट असते, गोडी कमी, आणि फळमाशीचा तडाखा सर्वांत जास्त त्यालाच. थंडीतले फळ घट्ट, वासाचे आणि जेलीला उत्तम. जेली करायची तर मृग बहारच धरावा.

बागायतदार हे करतातच. घराच्या परसात मात्र अडचण वेगळी असते. पेरूचे झाड हमखास मोरीच्या किंवा न्हाणीघराच्या सांडपाण्यावर लावलेले असते. त्याला बारा महिने पाणी मिळते, झाड कधी विश्रांतीच घेत नाही, बाराही महिने चार-चार फळे देत राहते आणि त्यातली निम्मी किडकी निघतात. उपाय साधा आहे: फेब्रुवारीपासून ते सांडपाणी दुसरीकडे वळवावे. पाण्याचा ताण बसला की झाड पाने गाळते, आंबे बहाराची फुले-कळ्याही गळतात. उरलेल्या कळ्या हाताने खुडून टाकाव्यात, हळहळू नये. मेच्या पहिल्या पंधरवड्यात कोवळ्या फांद्यांचे शेंडे निम्म्या लांबीवर छाटावेत. पेरूला फूल नव्या फुटीवरच येते, त्यामुळे छाटणी केलेल्या फांदीवर जूननंतर फुलांची गर्दी होते. मेअखेर बुंध्यापासून दोन-अडीच फूट अंतरावर, फांद्यांच्या घेराखाली माती हलकी खणून मोठ्या झाडाला चार-पाच घमेली कुजलेले शेणखत द्यावे. खोल खणू नये. पेरूच्या अन्न घेणाऱ्या मुळ्या वरच्या थरातच असतात. काळ्या भारी जमिनीत ताण बसायला वेळ लागतो, मुरमाड जमिनीत लवकर बसतो. पाने पिवळी पडून गळू लागली की ताण पुरेसा झाला. फांद्याच वाळू लागल्या तर तो जास्त झाला.

नवे झाड लावणाऱ्यांनी बी रुजवण्याच्या नादी लागू नये. गुटी किंवा दाब कलम घ्यावे, तिसऱ्या वर्षी फळ मिळते. सरदार, म्हणजेच एल-४९ हे वाण पुण्याच्या गणेशखिंड फळ संशोधन केंद्रात १९२७ मध्ये निवडले गेले. नावातल्या ‘एल’मागे लखनौ असले तरी घर पुण्याचे. परसाला ते छान. गुलाबी गराचे ‘ललित’ लावले तर जेलीला रंग आयता मिळतो. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा पुरतो, भिंतीपासून मात्र दहा फूट लांब राहावे. रोप दोन-सव्वादोन फुटांवर छाटून तीन-चार दिशांना फांद्या ठेवाव्यात, म्हणजे पुढे शिडी लागत नाही. पहिली दोन वर्षे आलेली फुले काढून टाकावीत.

फळमाशीबद्दल गैरसमज फार. मिथाइल युजेनॉल या वासाने माश्या ओढणाऱ्या रसायनाचा सापळा (दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा बऱ्याच जणांना ठाऊक आहे) फक्त नर माश्या पकडतो. अंडी घालणारी मादी शेजारच्या परसातूनही येते. त्यामुळे एका झाडाला एक सापळा टांगून निश्चिंत होण्यात अर्थ नाही, गल्लीतल्या चार घरांनी लावले तर उपयोग. घरगुती झाडाला सर्वांत खात्रीचा उपाय पिशवीचा. फळ लिंबाहून थोडे मोठे झाले, पण अजून कडक हिरवे आहे, तेव्हाच कागदी किंवा मलमलीची पिशवी देठाशी बांधावी. रंग बदलू लागल्यावर बांधली तर अंडी आतच कोंडली जातात. पडलेली फळे रोज उचलावीत. अळी फळातून निघून मातीत कोष करते, म्हणून ती झाडाखाली कुजू देणे म्हणजे पुढच्या पिढीची सोय करणे. कंपोस्टच्या ढिगात वरवर टाकू नयेत. दीड-दोन फूट खोल पुरावीत किंवा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार-पाच दिवस उन्हात ठेवावीत.

आता पातेल्याकडे. फळ निवडतानाच जेलीचे अर्धे काम होते. पूर्ण पिकलेल्या, बोट दाबले की खोल जाणाऱ्या पेरूला वास उत्तम असतो, पण त्यातले पेक्टिन मोडायला लागलेले असते. अगदी कच्च्यात वास नसतो. म्हणून तीन भाग पाडाला आलेले, म्हणजे हिरवा रंग फिका पडलेला पण फळ अजून कडक, आणि एक भाग पिकलेले असे घ्यावेत. सालही काढू नये, बियाही. पेक्टिन तिथेच जास्त. एक किलो पेरूच्या पातळ चकत्या करून सव्वा ते दीड लिटर पाणी आणि दीड-दोन ग्रॅम सायट्रिक आम्ल घालावे. आंबट पाण्यात पेक्टिन चांगले सुटते. मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटे शिजू द्यावे. डावाने ठेचू नये, मिक्सर तर नाहीच: गराचे बारीक कण एकदा रसात उतरले की पुढे कितीही गाळा, जेली गढूळच. धोतराच्या जुन्या स्वच्छ कापडात ओतून, पुरचुंडी बांधून टांगावी आणि तीन-चार तास आपोआप ठिबकू द्यावे. पिळण्याचा मोह होतो, कारण पिळले की वाटीभर रस जास्त मिळतो. त्या वाटीपायी सगळ्या बाटल्यांची नितळता जाते. जास्त हवाच असेल तर चोथा पुन्हा निम्म्या पाण्यात पंधरा मिनिटे शिजवून दुसऱ्यांदा टांगावा. पहिला-दुसरा रस एकत्र करून तासभर स्थिर ठेवला की तळाला साका बसतो, वरचा रस अलगद ओतून घ्यावा.

साखर किती, हे पुस्तकातला आकडा नव्हे, तो रस ठरवतो. एका लहान वाटीत गार झालेला रस एक चमचा घ्या, कडेने दोन-तीन चमचे स्पिरिट सोडा, वाटी हलकेच फिरवा आणि दोन-तीन मिनिटे थांबा. पेक्टिन भरपूर असेल तर एकच सलग, पारदर्शक गोळा जमतो, चमच्याने अख्खा उचलता येतो. अशा रसाला तेवढीच साखर, म्हणजे लिटरला किलो. गोळ्याचे दोन-चार तुकडे झाले तर लिटरला पाऊण किलो. नुसता रवाळ चुरा दिसला तर अर्धा किलो, किंवा त्याहून बरे म्हणजे तो रस आटवून पुन्हा परीक्षा घ्यावी. वाटीतला हा ऐवज विषारी आहे. लगेच फेकून वाटी चमच्यासह घासावी, मुलांच्या हाती लागू देऊ नये. परीक्षा गॅसपासून दूर करावी, स्पिरिट पेट घेते. बहुतेक पेरूंचा रस मधल्या वर्गात बसतो, म्हणून पुढचा हिशेब पाऊण किलोचा.

एका वेळी एक लिटरच रस लावावा. चार लिटर एकदम लावले तर आटायला तास लागतो आणि तेवढ्या उकळीत पेक्टिनच मोडते. मग जेली बसत नाही म्हणून आणखी आटवतात, आणि हाती येतो च्युइंगम. पातेले स्टीलचे, जाड बुडाचे, रसाच्या चौपट मापाचे. फेस अचानक वर येतो. लोखंड आणि ॲल्युमिनियम नको, रस काळवंडतो. रस उकळला की साखर घालून विरघळवावी, एकदा गाळून घ्यावी (साखरेतली मळी निघते), मग मोठ्या आचेवर आटवावे. मळी झाऱ्याने काढत राहावी, पण सारखे ढवळू नये. उतरवण्याच्या थोडे आधी आणखी पाच ग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे सपाट लहान चमचा, चमचाभर पाण्यात विरघळवून घालावे. लिंबाचा रस वापरायचा तर साधारण अर्धी वाटी लागतो. एक लिंबू पिळून जेली न बसल्याच्या तक्रारी फार असतात. आम्ल अगदी सुरुवातीपासून उकळले तर तेही पेक्टिन मोडते, म्हणून ते दोनदा विभागून घालायचे.

झाली हे कळायचे कसे? आपल्या हाताला पाकाची सवय, त्यामुळे बोटात धरून तार बघितली जाते. तार साखरेची येते. पेक्टिन मुळीच नसले तरी एकतारी पाक होतोच. त्याने काही कळत नाही. डाव बुडवून वर धरावा, क्षणभर वाफ जाऊ द्यावी आणि आडवा कलवावा. सुरुवातीला थेंब पाण्यासारखे एकामागून एक पडतात. मग दोन थेंब डावाच्या कडेला शेजारी लोंबकळतात, जड होतात, एकमेकांकडे सरकतात, जोडले जातात आणि सुटताना थेंब न पडता पातळ पापुद्रा तुटून पडतो. त्याच क्षणी गॅस बंद. हे होईपर्यंत रंगही बदलतो: पांढऱ्या गराच्या पेरूचा फिका रस मधाळ, मग तांबूस होतो. लाल रंगाची बाटली उघडायची वेळच येत नाही.

थर्मामीटर असेल तर पुस्तकात १०५ अंश लिहिलेले असते. ते समुद्रकाठचे. खरा नियम असा की त्या गावात पाणी जितक्या अंशाला उकळते त्यावर साधारण पाच. मुंबईत १०५, पुण्यात पाणी ९८ च्या आसपास उकळते म्हणून १०३, आणि महाबळेश्वरी १०० ते १००.५. पुण्यात १०५ ची वाट बघणाऱ्याची जेली रबरासारखी होणार. वजनकाटा असेल तर त्याहून सोपे: रिकाम्या पातेल्याचे वजन आधी लिहून ठेवावे, पाऊण किलो साखरेची जेली ११५० ते १२०० ग्रॅमवर आली की उतरवावी. त्या टप्प्याला तिच्यात साखर आणि इतर घन भाग मिळून ६५ टक्के किंवा थोडे जास्त असतात, आणि म्हणूनच ती टिकते. मधुमेहाचा विचार करून साखर निम्म्यावर आणण्याचा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. तशी जेली आठवड्यात बुरशी धरते, आणि बहुधा बसतही नाही. त्यापेक्षा खरी जेली करून चमचा लहान घ्यावा.

काचेच्या बाटल्या दहा-पंधरा मिनिटे पाण्यात उकळून, गरम असतानाच भराव्यात. वरचा फेस शेवटचा एकदा काढून मंद धारेने ओतावे, उंचावरून ओतले की बुडबुडे अडकतात. मग बाटली हलवून ‘बसली का’ ते बघायचे नाही. घट्ट होण्याची जाळी त्या काही तासांतच विणली जाते, हलवली की तुटते. चोवीस तास हात लावू नये.

तरीही बिघडली, तर दोषावरून कारण ओळखता येते. पातळ राहिली आणि चव नुसती गोड लागली तर आम्ल कमी. लिंबाचा रस घालून दोन-तीन मिनिटे पुन्हा उकळावी. आंबट असूनही पातळ असेल तर पेक्टिन कमी. पाडाच्या पेरूचा ताजा रस काढून त्यात मिसळावी. घट्ट बसली पण भोवती पाणी सुटले, तर आम्ल जास्त झाले. चव ठीक असते, खाऊन टाकावी. महिन्याभराने साखरेचे खडे दिसले तर साखर जास्त किंवा आम्ल कमी. जास्त आटून चिवट झालेलीला मात्र उपाय नाही, ती पोळीला लावायच्याही कामाची राहत नाही.

चोथा फेकू नये. बिया चाळणीत राहतील असा चोळून गर काढावा, बरोबरीची साखर व लिंबू घालून गोळा पातेले सोडेपर्यंत आटवावा आणि तूप लावलेल्या ताटात थापावा. गोव्यात नाताळच्या कुसवारात, म्हणजे फराळात, असणाऱ्या पेरादची ही गरीब बहीण. खरी पेराद अख्ख्या गराची होते.

हीच पद्धत फेब्रुवारी-मार्चमध्ये कवठाला लागू पडते. कवठात आम्ल आणि पेक्टिन दोन्ही असल्याने सायट्रिक आम्ल वगळावे आणि गराच्या दुप्पट पाणी घ्यावे. एप्रिल-मेमध्ये करवंदे, पण काळी झालेली नव्हेत, लालसर कडक असतानाची. त्यांचा चीक पातेल्याला चिकटतो, म्हणून आधी दोन पाण्यांत चोळून धुवावीत. चिकू, पपई आणि पिकलेल्या आंब्याच्या नादी लागू नये. त्यांचा जॅम करावा.

आपला,
एक वाचक, पुणे