शिकागोहून मित्रास पत्र

शिकागो,
एप्रिल महिना

प्रिय मित्रवर्य,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तुम्ही उभयतांनी जूनमध्ये इकडे येण्याचे नक्की केले, हे वाचून फार आनंद झाला. शिकागोत काय पाहावे, असे तू विचारले आहेस. उंच इमारतींची यादी तुला कुठेही मिळेल. मी मात्र तुम्हाला सर्वांत आधी मिशिगन सरोवराच्या काठी नेणार आहे, कारण माझ्या मते या शहराचे खरे वैभव म्हणजे त्याचा मोकळा किनारा होय. सरोवर म्हटल्यावर आपला रंकाळा डोळ्यांसमोर आणू नकोस. सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर पसरलेल्या या पाण्याचा पैलतीर दिसत नाही आणि वारा सुटला की लाटा काँक्रीटच्या कठड्यावर येऊन आदळतात.

हा किनारा आपोआप मोकळा राहिलेला नाही. १८३६ सालच्या नकाशावर येथील काही जमीन सार्वजनिक असून ती कायम मोकळी ठेवावी, तीवर इमारत उभारू नये, अशी नोंद करण्यात आली होती. पुढे शहर वाढले, जमिनीला सोन्याचे मोल आले आणि त्या जागेवर सरकारी इमारती बांधण्याचे बेत सुरू झाले. तेव्हा टपालाने माल विकणारा आरन माँटगोमेरी वॉर्ड नावाचा व्यापारी त्या जुन्या नोंदीचा आधार घेऊन न्यायालयात गेला आणि सुमारे वीस वर्षे, शहरातील बड्या मंडळींचा रोष पत्करून, लढत राहिला. आज आपण ज्याला ग्रँट पार्क म्हणतो, ते त्याच्या चिकाटीमुळे टिकले. तेथील आर्ट इन्स्टिट्यूट या कलासंग्रहालयाच्या इमारतीसमोर तू नक्की थांबशील, कारण सप्टेंबर १८९३ मध्ये स्वामी विवेकानंदांनी ज्या सर्वधर्मपरिषदेत भाषण केले, ती याच वास्तूत भरली होती.

मात्र जमीन मोकळी असली म्हणजे ती सर्वांना खुली असतेच असे नाही, हेही या किनाऱ्याने पाहिले आहे. जुलै १९१९ मध्ये युजीन विल्यम्स हा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा पोहता पोहता गोऱ्यांच्या मानल्या जाणाऱ्या पाण्यात गेला; काठावरून त्याच्या दिशेने दगड भिरकावण्यात आले आणि तो बुडून मरण पावला. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत ३८ माणसे गेली. आता उन्हाळ्यातील रविवारी साऱ्या वंशांची कुटुंबे शेगड्या पेटवून, चटया अंथरून तेथे दिवस घालवतात. ते दृश्य मला फार प्रिय आहे. पण त्यामागची किंमत विसरून ते पाहावेसे वाटत नाही.

तू स्थापत्य अभियंता असल्यामुळे नदीची हकिकत तुला विशेष आवडेल. पूर्वी शहराचे सांडपाणी शिकागो नदीतून सरोवरात जाई आणि पिण्याचे पाणीही त्याच सरोवरातून येई. त्यावर उपाय म्हणून सुमारे ४५ किलोमीटर लांबीचा कालवा खोदण्यात आला आणि १९०० साली नदीचा प्रवाहच उलटा फिरवून ती मिसिसिपीच्या खोऱ्याकडे वळवण्यात आली. खालच्या अंगाच्या मिझुरी राज्याने याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, ती फेटाळली गेली; माझे मन मात्र आजही त्या तक्रारदारांच्या बाजूने झुकते. विलिस टॉवरही आपण पाहू. ढाक्याकडील फझलूर रहमान खान या अभियंत्याने नऊ चौकोनी नळ्या एकत्र जोडून, त्या वेगवेगळ्या उंचीवर थांबवून, ४४२ मीटर उंचीची ती इमारत वाऱ्यापुढे कशी उभी केली, हे तूच वहिनींना समजावून सांग.

संध्याकाळ रिग्ली फील्डसाठी राखून ठेव. १९१४ साली बांधलेल्या या बेसबॉलच्या मैदानात खेळाच्या जागेच्या कडेची भिंत वेलींनी झाकलेली आहे आणि जुन्या धावफलकावरचे आकडे आजही माणसे आत बसून हातांनी बदलतात. येथील कब्ज संघ जिंकला की फलकावर पांढरा झेंडा चढतो, त्यावर निळे 'डब्ल्यू' हे अक्षर असते. शेजारून उंच रुळांवर जाणाऱ्या 'एल' या शहरी रेल्वेतील प्रवाशांना निकाल त्यावरूनच कळतो. या संघाने १९०८ नंतर थेट २०१६ साली अमेरिकेतील बेसबॉलचे विजेतेपद मिळवले. त्या दिवसांत लोकांनी मैदानाच्या विटांच्या भिंतींवर रंगीत खडूंनी आपल्या आई-वडिलांची, आजोबांची नावे लिहिली होती. जे वाट पाहता पाहता निघून गेले, त्यांची ती नावे होती. खेळावरची निष्ठा घराण्यातून कशी चालत येते, हे मला त्या भिंतींपाशी उमजले. दक्षिण भागात मात्र ही स्तुती मोठ्याने करू नकोस. तिकडे व्हाइट सॉक्स संघाचे राज्य आहे.

जूनमध्येही सरोवरावरून येणारा वारा संध्याकाळी बराच गार असतो, तेव्हा दोघांनीही एकेक स्वेटर अवश्य आणावा. तिकिटे काढताच तारखा कळव, म्हणजे त्या आठवड्यात कब्ज घरच्या मैदानावर खेळणार आहेत का, ते पाहून मी जागा राखून ठेवतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बालमित्र