सनस्क्रीन बॅगेच्या तळाशी ठेवू नकोस

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तुझी सामानाची यादी पाहिली. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या, चार्जर, पॉवर बँक सगळं नीट मांडलं आहेस आणि शेवटी एक ओळ आहे, ‘क्रीम वगैरे’. हे पत्र त्या ‘वगैरे’बद्दल. आई म्हणाली, “माझं सांगून झालं, आता तूच लिही.” माझं तरी ऐकशील याची खात्री नाही, पण लिहिलेलं प्रवासात पुन्हा वाचता येतं.

तुम्ही आधी बर्फात जाणार, मग समुद्रावर. बर्फात थंडी आणि समुद्रावर ऊन, अशी वाटणी तुम्ही मित्रांनी करून टाकलेली दिसते. त्वचा भाजते ती अतिनील किरणांनी आणि त्या किरणांची ऊब अजिबात लागत नाही. म्हणून गार वारा सुटलेला असतो, छान वाटत असतं, आणि तेव्हाच नाक भाजून निघत असतं. दर हजार मीटर उंचीमागे हे किरण साधारण 10 टक्क्यांनी वाढतात. त्यात ताजा बर्फ त्यातले 80 टक्क्यांपर्यंत परत फेकतो. कोरडी वाळू 15 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बर्फात ऊन खालूनही लागतं. टोपी घातली तरी हनुवटीच्या खाली, नाकपुड्यांच्या कडेला आणि कानांच्या मागे क्रीम लागलंच पाहिजे. ओठांना एसपीएफ (ऊन किती अडवलं जातं ते सांगणारा आकडा) असलेला लिप बाम लाव. गॉगल फोटोपुरता घालू नकोस, बर्फावरच्या उजेडाने डोळेही भाजतात आणि ते दुखणं फार वाईट. आभाळ आलं म्हणून सुटका नाही, पातळ ढगांतून बरेचसे किरण खाली येतातच.

ऊन किती कडक आहे ते ओळखायला ॲपची गरज नाही. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड दिसली की समजायचं, आता झाडाखाली किंवा छत्रीखाली बसण्याची वेळ.

आता ट्यूब. दुकानात उभं राहून 30 घेऊ की 50 यावर तुम्ही वाद घालाल, म्हणून सांगतो. नीट लावलं तर एसपीएफ 30 यूव्हीबी किरणांपैकी (त्वचा मुख्यतः भाजवणारे अतिनील किरण) सुमारे 97 टक्के अडवतं आणि 50 सुमारे 98 टक्के. खरी गडबड ‘नीट लावलं तर’ इथे होते. बहुतेक जण लावायला हवं त्याच्या निम्मंही लावत नाहीत, आणि मग डब्यावरच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा काढ, तेवढं क्रीम फक्त चेहरा आणि मानेला. उघड्या अंगभर लावायचं तर सुमारे 30 मिलिलिटर लागतं, म्हणजे चौघांत एक छोटी ट्यूब ही तुमची योजना पहिल्याच दिवशी संपणार. बाहेर पडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लाव आणि दर दोन तासांनी पुन्हा. पोहून आलास, टॉवेलने अंग पुसलंस, तर दोन तासांची वाट बघायची नाही. पाण्यात टिकणारं म्हणून मिळतं तेही लेबलवर लिहिलेल्या 40 किंवा 80 मिनिटांपुरतंच. एसपीएफ हा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा असतो, त्यामुळे ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ हे शब्द आहेत ना ते बघ, म्हणजे यूव्हीए हे दुसऱ्या प्रकारचे अतिनील किरणही अडतात. खिडकीची काच यूव्हीबी अडवते, पण यूव्हीए बऱ्यापैकी आत येऊ देते. बसच्या खिडकीशी दिवसभर बसणाराही एका बाजूने रापतो तो त्यामुळे. आणि पायांचे वरचे भाग विसरू नकोस. चप्पल घालून फिरणारे सगळे तेच विसरतात. डासांचं मलम लावायचं असेल तर आधी सनस्क्रीन, ते मुरलं की वरून मलम.

पोहायला जाण्याआधी तिथले नियमही वाच. प्रवाळांना अपाय होतो म्हणून काही ठिकाणी ठरावीक घटकांची सनस्क्रीन चालत नाहीत. हवाईत ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्यांच्या विक्रीवर 2021 पासून बंदी आहे, पलाऊ या प्रशांत महासागरातल्या बेटांच्या देशाने 2020 पासूनच अशी बंदी घातली. झिंक ऑक्साइडचं घेतलंस तर हा प्रश्न सहसा येत नाही. तोंड पांढरं दिसतं, दिसू दे.

विमानात हवा फार कोरडी असते, आर्द्रता बहुधा 20 टक्क्यांच्याही खाली. तोंडाला आणि हातांना साधं मॉइश्चरायझर पुरे. हातातल्या बॅगेत न्यायचं तर 100 मिलिलिटरपर्यंतचीच बाटली ने. बर्फातून परतल्यावर कढत पाण्याखाली तासभर उभा राहू नकोस, बरं वाटतं खरं, पण आधीच कोरडी पडलेली कातडी आणखी तडतडते. नवीन फेसवॉश, मित्राचा स्क्रब, हॉटेलातल्या पुड्या, यांचे प्रयोग घरी कर. परक्या गावी तोंडावर पुरळ उठलं तर सुट्टी आरशासमोर जाते. रोजचंच जे लावतोस तेच छोट्या बाटलीत भरून ने.

ओले बूट, ओले मोजे घालून हिंडलास तर चिखल्या होतील. रात्री बोटांच्या बेचक्या कोरड्या करून झोप.

एवढं करूनही भाजलंच, तर ते लगेच दिसत नाही. काही तासांनी लाली चढते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाढत जाते. त्यामुळे ‘जरासं लाल झालंय, आणखी तासभर बसू’ असं म्हणायचं नाही, तिथेच ऊन थांबवायचं. गार पाण्याच्या पट्ट्या ठेव, बर्फ थेट चोळू नकोस. मॉइश्चरायझर किंवा कोरफडीचं जेल लाव, पाणी भरपूर पी, फोड आले तर फोडू नकोस. ताप, उलट्या, गरगरणं किंवा मोठ्या भागावर फोड असं काही झालं तर सरळ डॉक्टर गाठ, आम्हाला नंतर सांगितलंस तरी चालेल.

एक काम मात्र निघण्याआधीच कर. मुरुमांसाठी तू जी गोळी घेतोस ती डॉक्सिसायक्लिन आहे का, ते पाकिटावर बघ. त्या औषधाने ऊन नेहमीपेक्षा फार लवकर भाजतं. रात्री लावायच्या रेटिनॉइड मलमानेही त्वचा नाजूक होते. मनाने बंद करू नकोस. ज्या डॉक्टरांनी दिलं त्यांना, बर्फात आणि समुद्रावर जातोय असं स्पष्ट सांगून विचार, आणि ते काय म्हणाले ते मला कळव.

तुझा,
बाबा