बाबिचची जबानी अशी फेकून देऊ नकोस

चि. अद्वैत,
अनेक आशीर्वाद.

क्रोएशियातल्या सर्बांच्या बंडामागे सर्बियाचा हात होता का, यावरच्या तुझ्या प्रबंधाचा मसुदा वाचून झाला. भाषा स्वच्छ आहे. पण मिलान बाबिचला तू दीड पानात निकालात काढलंयस, ते मला पटलं नाही. ‘शिक्षा कमी व्हावी म्हणून बोललेला साक्षीदार’ एवढ्यावर त्याची अख्खी साक्ष बाजूला? इतकी वर्षं सत्र न्यायालयात साक्षी उतरवून घेतल्या मी, एवढ्या घाईने साक्षीदार मोडीत काढलेला पाहिला नाही.

आधी तारखा नीट लाव. बाबिच मूळचा क्निनचा दंतवैद्य, पुढे क्रोएशियापासून फुटलेल्या सर्बांच्या क्रायिनाचा अध्यक्ष. हेगच्या युद्धगुन्हे न्यायालयात सर्बियाचा माजी अध्यक्ष मिलोशेविच याच्याविरुद्ध तो बोलला २००२ साली, आधी नाव लपवून, मग उघडपणे. आणि उलटतपास घेतला खुद्द मिलोशेविचने, कारण त्याने वकील नाकारला होता. बाबिचवर आरोपपत्र आलं २००३ च्या नोव्हेंबरात, बिगर-सर्बांच्या छळाचा गुन्हा त्याने कबूल केला जानेवारी २००४ मध्ये. म्हणजे तू ज्या कबुली-कराराकडे बोट दाखवतोस तो साक्षीनंतरचा. भीती आधीपासून असेल, ते वेगळं. आणि करारातून मिळालं तरी काय? अभियोग पक्षाने जास्तीत जास्त ११ वर्षं सुचवली होती, न्यायाधीशांनी १३ ठोठावली.

त्याच्या साक्षीतली खरी खोट दुसरीच आहे, आणि ती तू पाहिलीच नाहीस. मिलान मार्टिचशी त्याचं वैर. मार्टिच क्निनचा पोलीस निरीक्षक. ऑगस्ट १९९० मध्ये रस्त्यांवर ओंडके टाकून सर्बांनी बंड केलं तेव्हापासून त्याचे पोलीस झाग्रेबला, म्हणजे क्रोएशियाच्या सरकारला, जुमानेनासे झाले. बाबिचचं म्हणणं असं की हे पोलीस नावापुरते त्याच्या सरकारचे. दोर बेलग्रेडच्या, म्हणजे सर्बियाच्या गुप्त पोलिसांच्या, योवित्सा स्टानिशिचच्या खात्याच्या हातात. आता बघ, १९९२ च्या सुरुवातीला शांतता योजनेला विरोध केला म्हणून बाबिचचं अध्यक्षपद गेलं, त्यामागे मिलोशेविचचा दबाव होता. पुढे निवडणुकीत मार्टिचनेच त्याला हरवलं. शिवाय ‘पोलीस माझं ऐकतच नव्हते’ असं म्हटलं की गावागावांतल्या अत्याचारांचा ठपकाही आपोआप दुसऱ्याच्या माथी जातो. हे सगळं स्पष्ट लिही आणि मग विचार, एवढं वजा करून उरतं काय?

बरंच उरतं. एखादं सरकार शेजारच्या देशातल्या बंडखोर पोलिसांना चोरून पैसा आणि बंदुका पुरवतं तेव्हा त्याची पावती फाडत नाही. ते सांगू शकतो तो आतलाच माणूस, आणि आतल्या माणसाचे हात स्वच्छ नसतात. आपल्याकडे माफीच्या साक्षीदाराबाबत हाच पेच असतो. त्याला हाकलत नाहीत, पण महत्त्वाच्या मुद्द्यांवर दुसरीकडून दुजोरा शोधतात. तूही त्याची जबानी वाक्यावाक्याने फोड. डोळ्यांनी पाहिलं काय, दुसऱ्याकडून ऐकलं काय, आणि नुसताच अंदाज कुठला. क्निनजवळ गोलुबिचला १९९१ मध्ये ‘कॅप्टन ड्रॅगन’ नावाच्या प्रशिक्षकाने मार्टिचच्या माणसांना लढाईचं शिक्षण दिलं, याला इतर साक्षी आहेत, ते भक्कम. बंद दाराआड कोण काय बोललं, आणि सांगणारा एकटा बाबिच, ते लटकं. निकालात तुला निष्कर्ष तेवढा मिळतो, साक्षीदार कुठे अडखळला ते मिळत नाही, म्हणून हेगच्या सुनावणीचे शब्दशः उतारे वाच. सगळ्यांना खुले आहेत.

मार्टिचच्या खटल्यात बाबिचचा उलटतपास चालू असताना ५ मार्च २००६ ला त्याने कोठडीत आत्महत्या केली. तरी न्यायालयाने साक्ष रद्द केली नाही. मात्र ज्या भागावर उलटतपास व्हायचा राहिला, त्याला दुजोरा मागितला. मार्टिचला ३५ वर्षं झाली. तुझ्या प्रबंधात याची एक ओळही नाही!

दुसरा पुरावा सर्बियातल्या कुला इथल्या चित्रफितीचा. १९९७ मध्ये तिथल्या समारंभात स्टानिशिचचा सहकारी फ्रान्को सिमातोविच मिलोशेविचसमोर सांगतो की गुप्त पोलिसांची आपली विशेष तुकडी ४ मे १९९१ ला उभी राहिली. कोणी वकील विचारत नव्हता, शिक्षेची धास्ती नव्हती. पण साहेबापुढे कामगिरी सांगणारा माणूस ती फुगवूनही सांगतो, तेव्हा तारीख जशीच्या तशी घेऊ नकोस. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की एक जण द्वेषाने बोलतोय आणि दुसरा फुशारकीने, तरी दोघांचं बोट बेलग्रेडकडेच जातं.

आता तुझी सर्वांत मोठी गफलत. २०१३ ला स्टानिशिच आणि सिमातोविच सुटले ते ‘साक्षीदार खोटे ठरले म्हणून’, असं तू लिहिलंयस. तसं नाही. प्रशिक्षण आणि मदतीबद्दल बरंच काही त्या न्यायाधीशांनीही मान्य केलं होतं. गुन्ह्यांमागचा हेतू या दोघांचाही होता हे बहुमताला पटलं नाही, आणि मदत नेमकी गुन्ह्यांसाठीच दिली होती हे दाखवा, अशी कसोटी लावली गेली. अपिलात २०१५ ला तो निकाल रद्द होऊन फेरखटला झाला. २०२१ ला बोस्नियातल्या बोसान्स्की शामात्समधल्या गुन्ह्यांना साहाय्य केल्याबद्दल प्रत्येकी १२ वर्षं. २०२३ च्या अपिलात सामायिक गुन्हेगारी योजनेतले भागीदार ठरवून १५. तेव्हा ‘मदत होती का’ आणि ‘हेतू होता का’ यांची प्रकरणं वेगळी कर. बाबिच पहिल्यात जास्त कामाचा आहे, दुसऱ्यात कमी.

सुधारलेलं प्रकरण रविवारपर्यंत पाठव. आणि क्निन तीन तऱ्हांनी लिहिलंयस, एक कुठलं तरी धर.

तुझी,
आई